एकशे बावन्नावा सामना

कॅलिफोर्नियातील कॉन्कर्ड या शहरी ‘डी ला साल’ हे मुलांचे कॅथलिक हायस्कूल आहे. शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट डी ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या ब्रदर्सच्या संघाने ते १९६५ साली सुरू केले. या शाळेच्या फुटबॉल संघाने १९९२ ते २००३ या बारा हंगामांत लागोपाठ १५१ सामने जिंकले. त्यापूर्वीचा अमेरिकेतील शालेय विक्रम ७२ सामन्यांचा होता. (हा फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हाती घेऊन, शिरस्त्राण घालून, अंगावर अंग आदळीत खेळायचा तो अमेरिकन खेळ.) पत्रकार नील हेज यांनी या संघावर २००३ साली ‘व्हेन द गेम स्टँड्स टॉल’ हे पुस्तक लिहिले. थॉमस कार्टर यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट २०१४ साली आला. आमच्या युवासंघाने तो अलीकडेच एकत्र बसून पाहिला. त्या निमित्ताने मनात आलेले विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

मूळ इतिहास विलक्षण आहे. १९७९ साली बॉब लाडूसर हा पंचविशीचा तरुण प्रशिक्षक म्हणून आला, तोवर या शाळेच्या संघाने एकाही हंगामात पराभवांहून अधिक विजय मिळविले नव्हते. लाडूसर शाळेत धर्मशिक्षणही शिकवीत. त्यांचे सहकारी टेरी आयडसन हेही धर्मशिक्षणाचेच शिक्षक. यांच्या पद्धतीतील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक खेळाडू आठवड्याचा आपला निश्चय एका कार्डावर लिहितो, सर्वांसमक्ष तो वाचतो आणि ते कार्ड एका सोबत्याच्या हाती देतो. निश्चय पाळला की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या सोबत्याला असतो. सेमिनरीत आम्हांला रोज रात्री विवेकबुद्धीची तपासणी करावयास लावीत, पण ती ज्याची त्याने एकट्याने. आपली वही दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य आमच्यापैकी किती जणांत होते, देव जाणे! चित्रपटात हे प्रसंग संयमाने आले आहेत. जिम कॅव्हिझेल यांनी लाडूसर मितभाषी ठेवले आहेत आणि ते शोभतात. ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये प्रभू येशूची भूमिका करणारे नट ते हेच. तो चित्रपट २००४ सालचा. डी ला सालच्या इतिहासातही तेच वर्ष क्रूसवाटेचे ठरले.

२००३ चा हंगाम संपल्यावर लाडूसर यांना हृदयविकाराचा झटका आला. १२ ऑगस्ट २००४ रोजी टेरन्स केली हा अठरा वर्षांचा माजी खेळाडू रिचमंड शहरात गोळीबारात मारला गेला. दोनच दिवसांनी तो ओरेगॉन विद्यापीठात जावयाचा होता. पुढे ४ सप्टेंबरला सिॲटल येथे वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू हायस्कूलने डी ला सालचा ३९–२० असा पराभव केला. तो एकशे बावन्नावा सामना.

येथपर्यंत चित्रपट इतिहासाचा हात धरून चालतो. माझी तक्रार पुढच्या भागाविषयी आहे. विजयाहून माणूस मोठा, असे प्रशिक्षक सांगत असतात. ते खरे की नुसते बोलणे, हे हरल्यावर कळावयाचे. पण चित्रपटाला हरलेल्या मुलांजवळ फार वेळ बसवत नाही. पराभवानंतर संघ खचतो, जखमी सैनिकांच्या भेटीला जातो आणि लाँग बीच पॉली या बलाढ्य संघाला हरवून पुन्हा उभा राहतो, असे तो दाखवितो. पॉलीविरुद्धचा तो गाजलेला सामना प्रत्यक्षात ६ ऑक्टोबर २००१ रोजी, म्हणजे विजयमालिका ऐन भरात असताना झाला होता. डी ला सालने तो २९–१५ असा जिंकला होता. तीन वर्षांपूर्वीचा विजय उचलून पराभवाच्या पुढे आणून ठेवला आहे. चित्रपटकर्त्याला घटनांची जुळवाजुळव करण्याचे स्वातंत्र्य असते, हे मला मान्य आहे. परंतु येथे ज्या प्रश्नासाठी हा सारा खटाटोप, त्याचेच उत्तर उसने आणले आहे. शुभ शुक्रवार आटोपता घेऊन ईस्टरच्या घंटा वाजविण्याची ही घाई आहे.

शेवटचा प्रसंगही असाच रचलेला. बापाच्या दडपणाखाली विक्रमामागे धावणारा ख्रिस रायन हा खेळाडू ऐन वेळी गुडघा टेकतो आणि विक्रम सोडून देतो. प्रसंग हृद्य आहे; आमच्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. पण ख्रिस हे पात्र काल्पनिक आहे. ज्या शाळेपाशी खऱ्या त्यागाच्या इतक्या गोष्टी होत्या, तिच्या चरित्राला त्यागाचा कळस कल्पनेतून आणावा लागावा, याचे नवल वाटते.

हे लिहिताना माझाही हात थबकतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. क्रीडाविभागासाठी दोन छायाचित्रे आली: एक चषक जिंकलेल्या संघाचे, दुसरे अंतिम सामना हरून चिखलात बसलेल्या मुलांचे. दुसरे छायाचित्र अधिक बोलके होते. मी पहिलेच छापले आणि पाठविणाऱ्यास जागेची अडचण कळविली. अडचण जागेची नव्हती.

टेरन्सच्या मृत्यूला चित्रपट काही मिनिटे देतो. अंत्यविधी आहे, सोबत्यांचे अश्रू आहेत, त्यानंतर पुन्हा मैदान. आमच्या युवासंघातील नववीच्या एका मुलाने दिवे लागल्यावर विचारले, “फादर, ज्याने गोळी घातली तो कोण होता?” दोषी ठरलेला तो मुलगा घटनेच्या वेळी अवघा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे शाळेत जाण्याच्याच वयाचा. मी तसे सांगताच खोलीत शांतता पसरली. तीन तासांच्या सभेत मला जमले नसते, एवढी चर्चा त्यानंतर झाली, आणि तीत सामन्यांचा उल्लेख कोणी केला नाही. टेरन्सच्या वडिलांनी पुढे रिचमंडमध्ये मुलाच्या नावाने युवकांसाठी संस्था काढली, हेही मी त्यांना सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने त्या संस्थेचे नाव आपल्या वहीत लिहून घेतले.