रमाबाईंची साक्ष: सांत्वनाचं पुस्तक?

आई गेली त्याच्या नवव्या दिवशी मावशीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रक पाठवलं. चार पानांचं, मोबाइलवर काढलेले तिरके फोटो. वर लिहिलेलं, ‘पंडिता रमाबाई यांची साक्ष’. खाली मावशीचा निरोप: ‘वाच बाळा, समाधान मिळेल.’

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी आहे ते तुम्हाला कळेल. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये आहे, पावसाच्या जुन्या नोंदींवर काम करते. आई गेली तेव्हा माझी व्हिसाची कागदपत्रं अडकलेली होती, त्यामुळे देश सोडता येत नव्हता. दफनविधी मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. भावाचा हात थरथरत होता, म्हणून बराच वेळ मला नुसती लाल माती आणि कुणाच्या तरी चपला दिसत होत्या. नंतरच्या आठवड्यात आलेले निरोप तुम्हीही कधी ना कधी घेतले असतील. देवाची योजना असते. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. आता ती प्रभूजवळ आहे. माणसं मनापासून लिहीत होती. मी फोन उपडा ठेवायला लागले.

म्हणून ते पत्रकही मी रागातच वाचलं. चार पानांत रमाबाईंची साक्ष अशी होती: बालपणी दुःखे सोसली (एक वाक्य), शास्त्रांत शांती सापडली नाही (एक परिच्छेद), इंग्लंडला गेल्या, प्रभू भेटला, मुक्ती मिशन उभं राहिलं. उरलेली अडीच पानं आनंदाची. मला त्या अडीच पानांतलं एक वाक्यही लागू पडेना. पण संशोधकाची खोड जात नाही. मूळ शोधून काढलं, 1907 साली इंग्रजीत आलेलं ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’. लहानसं पुस्तक आहे, एका संध्याकाळी वाचून होतं. पॉडकास्टच्या भागात याच्याबद्दल जेमतेम पाच मिनिटं बोलता आलं, म्हणून हा लेख. पत्रकात जे एका वाक्यात उरकलं होतं तेच या पुस्तकाचं काळीज आहे, असं माझं मत आहे.

ते ‘दुःखे सोसली’ म्हणजे काय, ते ऐका. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगत राहिलं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात त्यांच्याजवळचं सगळं संपलं. भीक मागायची लाज, अंगमेहनतीचं काम कुणाला शिकवलेलंच नाही. शेवटी लोकांच्या डोळ्यांआड मरावं म्हणून ते जंगलात गेले. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर. मग वडिलांनी तीर्थाच्या पाण्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि एकेकाचा निरोप घेतला. त्याच वेळी भाऊ म्हणाला, मी काम करीन. जात, सोवळं, सगळं बाजूला ठेवून मजुरी करीन. जलसमाधी टळली, पण वडील तापाने गेलेच.

त्यानंतर आई. रमाबाई लिहितात, आईचे उपाशी हाल बघवेनात, तेव्हा त्या शेजारच्या बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. मागण्यासाठी तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं, शब्द फुटेना. त्या बाईने काय ते ओळखलं आणि बाजरीची भाकरी दिली. त्या धावत घरी आल्या. आईला खाता आली नाही, तेवढी ताकद उरली नव्हती. मग ताप, ग्लानी, आणि शेवट. पुढे थोरली बहीणही गेली.

माझ्या कामात दुष्काळ म्हणजे तालुक्यामागे किती इंच पाऊस कमी पडला याचे रकाने. ते रकाने मी वर्षानुवर्षं शांत डोक्याने भरले आहेत. या पानावर मी थांबले.

आता समीक्षेचा मुद्दा. ‘साक्ष’ हा एक ठरीव साचा असतो. तुम्ही ख्रिस्ती मंडळीत वाढला असाल तर तो पाठच असेल: आधी अंधार, मग एक दिवस, मग उजेड. उजेड पडला की अंधाराला अर्थ येतो. तो ‘त्यासाठीच’ होता असं कळतं. रमाबाईंचं पुस्तकही याच साच्यातलं आहे. त्यात प्रचार आहे, हे लपवायचं कारण नाही. 1907 साली हे वाचणारे बरेचसे लोक परदेशातले, मिशनला मदत करणारे होते. हिंदू शास्त्रांबद्दलचा मजकूर त्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेला दिसतो, आणि काही ठिकाणी वाद घालताना त्या घाई करतात. शेवटचा भाग तर पत्रकासारखाच आहे. तिथे गद्य सैल पडतं, वचनांमागून वचनं येतात, माणसं दिसेनाशी होतात. दुष्काळाच्या पानांवर प्रत्येक भाकरी मोजलेली आहे. आनंदाच्या पानांवर मोजण्यासारखं काही हाताला लागत नाही.

पण एका बाबतीत हे पुस्तक साचा मोडतं, आणि मला वाटतं तिथेच ते मोठं होतं. आईला ती भाकरी का खाता आली नाही, याचं उत्तर त्या देत नाहीत. तेहतीस-चौतीस वर्षांनी लिहितायत, साचा हाताशी तयार आहे, ‘त्यामुळेच मी प्रभूकडे वळले’ असं त्या मृत्यूखाली लिहून टाकायला कुणाची हरकत नव्हती. त्या ते करत नाहीत. मागण्याची लाज मात्र तशीच्या तशी ठेवतात.

वडिलांचे शेवटचे शब्द त्या कसे वाचतात तेही बघा. जलसमाधीच्या तयारीत अनंतशास्त्रींनी धाकट्या लेकीला घट्ट धरून सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याचीच हो आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर. हा आशीर्वाद एका कर्मठ ब्राह्मणाचा, त्याच्या देवाच्या नावाने दिलेला. कठोर साक्ष असती तर वडील अंधारात गेले असं म्हणून मोकळी झाली असती. रमाबाई म्हणतात, वडिलांची ती प्रार्थना ज्या स्वर्गीय पित्याला ते ओळखत नव्हते त्याने ऐकली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे कुठे बसतं ते पंडितांनी ठरवावं. मला यात एक मुलगी दिसते, जिने बापाचं सगळं नाकारलं पण त्याचं शेवटचं वाक्य टाकलं नाही. त्याच वाक्यावर तिने घर बांधलं.

पत्रकातला दुसरा घोळ जास्त गंभीर आहे. त्यात दुःख आणि विश्वास यांच्यामध्ये सरळ रस्ता दाखवलाय: दुःखी झाल्या, म्हणून प्रभूकडे आल्या. मूळ पुस्तकातला रस्ता असा नाही. आईवडिलांनंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडले, पार काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत कबरीसारखे दोन खड्डे खणून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून ते रात्री काढत. या सगळ्यातून त्यांना ख्रिस्त भेटला नाही. भेटली ती शंका. 1878 साली कलकत्त्याला पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली, तर माणसं खुर्च्यांपुढे गुडघे टेकतायत. बहुधा खुर्च्यांनाच नमस्कार करतायत, असं त्यांना वाटलं. (मी हे आजीला सांगितलं असतं तर ती आठवडाभर हसली असती.) मग भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली आणि 1882 साली पतीही गेले, पटकीने. एवढ्या मरणांनंतरही त्या सांत्वन शोधत चर्चमध्ये गेल्या नाहीत.

वळण येतं इंग्लंडमध्ये, वाँटेजच्या जोगिणींकडे राहत असताना. त्यांना लंडनमधल्या फुलमला नेलं गेलं. तिथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी याच जोगिणी एक घर चालवत होत्या. ज्यांना आपल्याकडे दारातही उभं केलं नसतं त्यांना कुणी जवळ घेतंय, हे पाहून रमाबाई विचारतात, असं का? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला जातो, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. म्हणजे विश्वासाचं पहिलं बोट त्यांनी धरलं ते स्वतःचे डोळे पुसायला नाही. टाकलेल्या बाईचं काय, या प्रश्नावर. 29 सप्टेंबर 1883 रोजी बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. तिथेही दार उघडलं ते जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाने. आपल्या दोन मोठ्या ख्रिस्ती लेखिका, आणि दोघींच्याही बाबतीत न्यायाचा प्रश्न आधी आला. सांत्वन मागाहून, आणि सावकाश.

किती सावकाश? तर बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त सापडलेला नाही. माझ्या मते पुस्तकातलं सर्वात धाडसी वाक्य हेच. लक्षात घ्या, तेव्हा त्या जगप्रसिद्ध होत्या. शारदा सदन सुरू झालं होतं. अमेरिका त्यांनी पालथी घातली होती. मदत करणाऱ्या लोकांना ‘मी त्या काळात अजून पोचले नव्हते’ असं सांगणं सोपं नसतं. त्यांना हे उमगलं विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचताना. या गृहस्थांना पाळकपणाची वस्त्रं अंगात असताना कळलं की आपलं स्वतःचंच परिवर्तन झालेलं नाही, आणि ते झालं ते स्वतःच्याच उपदेशाच्या मधोमध. रमाबाईंना हे का भिडलं असेल ते मला समजतं. मी रविवारच्या शाळेत सगळी वचनं तोंडपाठ म्हणून बक्षिसं मिळवलेली मुलगी आहे.

विद्यापीठातल्या लोकांना रमाबाईंची ही उत्तरायुष्यातली बाजू अवघड वाटते. आम्हाला वाँटेजशी भांडणाऱ्या रमाबाई आवडतात. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली अ. भि. शहांच्या संपादनात पुस्तकरूपाने आला. त्यात त्या त्रैक्यावर वाद घालतात. क्रूसावरचा लॅटिन मजकूर आपल्या बायांना काय कळणार, संस्कृत का नको, असं विचारतात. पाळक म्हणतो म्हणून मानायला त्या तयार नसतात. ही पत्रं कुठल्याही अभ्यासक्रमात शोभतात, आणि ‘साक्ष’ हळूच बाजूला सारली जाते. मंडळी बरोबर उलटं करते: साक्ष वाटते, पत्रं लपवते. मलाही आधी वाटायचं की ही दोन वेगळ्या बायकांची पुस्तकं आहेत. आता वाटत नाही. मला समाधान मिळालंय असं इतर सगळे म्हणत असताना, नाही, अजून नाही मिळालं, असं आठ वर्षांनी कबूल करणारी बाई आणि लॅटिन नको म्हणणारी बाई एकच आहे. खोटं सांत्वन तिला चालत नाही, मग ते बिशपचं असो की स्वतःचं.

म्हणून नंतर जे मिळालं असं त्या सांगतात, त्यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे. लेखन तिथे सैल पडतं हे माझं मत कायम आहे, पण शब्द सैल आहेत म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. पुरावा हवाच असेल तर तो पुस्तकाबाहेर आहे. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावला आणल्या. (नगरच्या शेजारचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं. आमच्याकडे हा घोटाळा दर वेळी होतो.) त्या मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. अंगमेहनतीचं काम शिकवलेलं नसलं की काय होतं ते त्यांनी जंगलात पाहिलं होतं.

1921 साली मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला रमाबाई. ‘साक्ष’ त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे त्या शेवटच्या दुःखात ते अक्षय धन पुरलं का, हे त्यातून कळत नाही. एवढं माहीत आहे, की वर्षानुवर्षं चाललेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर त्या शेवटपर्यंत तपासत होत्या.

मागच्या महिन्यात मी बसने वाँटेजला जाऊन आले. बाजारचौकात राजा अल्फ्रेडचा पुतळा आहे, त्याच्या पायाशी शाळेची पोरं चिप्स खात होती. तिथल्याच बाकावर बसून मी मावशीला फोन केला आणि भाकरीचं पान तोंडी मराठीत करून वाचून दाखवलं. तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. पत्रकात नव्हतं ना. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुझ्या आईनेही शेवटी काही खाल्लं नाही गं. पेज केली होती मी.’ हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग ती पेजेबद्दल बोलत राहिली, कुठला तांदूळ, किती पातळ, मीठ किती, आणि मी ऐकत राहिले.