पहिल्या वाक्याचा मोह

उरणात कवितेला कट्टा आहे. विमला तलावावर कोकण मराठी साहित्य परिषदेचा मधुबन कट्टा भरतो. कुणी गझल म्हणतो, कुणी आगरी बोलीतलं काही, आणि आवडलेली ओळ ऐकणारा घरी घेऊन जातो. कादंबरीचं तसं नाही. ती भाऊचा धक्का ते मोरा लाँचमध्ये, किंवा २०२४पासून लोकलमध्ये, ज्याची त्यानं वाचायची. तरी वाचणारी दोन माणसं भेटली, की पुस्तक हातात घेण्याआधी एक जण म्हणतोच, ‘‘सुरुवात वाच बघू.’’

सवय वाईट नाही. वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं बाइंडिंगवाल्याकडे गेली ती परत आलीच नाहीत. कण्यावर शाईनं नाव आणि दाखल क्रमांक, बस्स. मलपृष्ठावरची स्तुती नाही, लेखकाचा फोटो नाही. पहिल्या पानालाच स्वतःची वकिली करावी लागते. पण या परीक्षेत कोण पास होतं आणि कोण मार खातं, हे बघितलं की परीक्षेबद्दलच शंका येते.

पास होतात त्या बोलणाऱ्या कादंबऱ्या. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) आधी कर्ण बोलतो, आणि मेलेला माणूस कसा बोलेल ही वाचकाची शंकाही तोच पुढे करतो. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) उघडते ती आपण ही कहाणी का सांगतो आहोत या प्रश्नावर. दोन्हीकडे कथा नंतर, सांगणाऱ्याची बैठक आधी. कीर्तनकार पूर्वरंगात श्रोत्यांना सावरून बसवतो तशी. या सुरुवाती मोठ्यानं वाचायला सोप्या, पाठ व्हायलाही सोप्या. खांडेकरांचा प्रश्न मला थोडा नाटकी वाटतो. पण लाँचच्या इंजिनाच्या आवाजातही तो ऐकू येईल, हे मान्य.

हा बोलता निवेदक काही पौराणिक कादंबरीनं शोधलेला नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः दिली, तेव्हा नायिका यमूच स्वतःची हकीकत सांगत होती. नेमाड्यांच्या ‘कोसला’नं (१९६३) मात्र या निवेदकाचा रुबाब उतरवला. पांडुरंग सांगवीकर नाव सांगतो, वय सांगतो, आणि ते वयही एखादं उदाहरण द्यावं तसं सांगतो. आपलं आयुष्य म्हणजे अनेक नमुन्यांपैकी एक, असा सूर पहिल्याच ओळींत लागतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. मराठी वाचक एकमेकांना सर्वांत जास्त ऐकवतात ती सुरुवात बहुधा हीच, आणि तो मान योग्य आहे.

मार खाते ती माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). एक पोरसवदा मास्तर नव्या नोकरीच्या गावाला पायी निघालेला. ना प्रश्न, ना सुभाषित. सुटं वाक्य काढून वाचलं तर ऐकणारा म्हणेल, बरं, मग? पण शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते आणि मास्तरही ती सोडून निघतो, तेव्हा त्या पहिल्या चालण्याचं वजन कळतं. माडगूळकरांची सुरुवात दीडशे पानांनी पूर्ण होते. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’सारख्या (१९५२) प्रादेशिक कादंबऱ्यांचंही तेच. गाव उभं राहायला पानं लागतात, त्यातली एक ओळ तोडली तर हाताला फक्त माती लागते. मराठी कादंबरीचं उत्तम काम या माणसांनी केलं, आणि आपल्या देवाणघेवाणीत नेमकी तीच गप्प राहतात.

जगभर हेच चालतं. टॉलस्टॉयच्या ‘अॅना कॅरेनिना’चं पहिलं वाक्य ठाऊक असलेल्यांपैकी कितींनी पुढची आठशे पानं वाचली असतील? अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात १९८२मध्ये बुल्वर-लिटन या कादंबरीकाराच्या नावानं सर्वांत वाईट पहिल्या वाक्याची स्पर्धा सुरू झाली. गंमत म्हणजे त्या वाक्यांमागे कादंबरी नसायचीच. आपल्याकडच्या काही नव्या कादंबऱ्या गांभीर्यानं तिकडेच निघाल्या आहेत. पहिलं वाक्य स्टेटसला ठेवण्याजोगं. दुसऱ्या वाक्यापासून लेखक दमलेला.

कादंबरीसाठी उरणकडे असलेला ऐवज तर लांब दमाचा आहे. १९३०चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, मिठागरं आणि भातशेतीच्या शेजारी उभं राहिलेलं न्हावा-शेव्याचं बंदर, १९८४चं जासईचं शेतकरी आंदोलन. सातबाऱ्यावरचं नाव जाणं आणि कंटेनर यार्डाच्या फाटकावर कामासाठी उभं राहणं, यांत एक अख्खी पिढी गेली. त्याची कादंबरी टाळीच्या वाक्यानं सुरू झाली, तर ती घोषणा होईल.

म्हणून वाचणाऱ्या मित्रांना एक विनंती. सुरुवात जरूर ऐकवा, पण पान संपेपर्यंत थांबू नका.