गव्हाचा भाव आणि कादंबरीकाराचा निवाडा

फ्रँक नॉरिस या अमेरिकन ग्रंथकाराच्या ‘ऑक्टोपस’ (१९०१) या कादंबरीतील कॅलिफोर्नियाचे शेतकरी कचेरीतील तारयंत्रावर शिकागो-लिव्हरपूलचे गव्हाचे भाव वाचीत बसतात. हे चित्र आम्हांस फार मार्मिक वाटते. परंतु रेल्वे कंपनीने त्यांस कसे नागविले हे दाखवूनही ग्रंथकार शेवटी गव्हास अजिंक्य निसर्गशक्ती ठरवितो व अपराध्यांस मोकळे सोडतो. हा निवाडा आम्हांस मान्य नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि गहू व खते एकदमच कडाडली. अमेरिकन शेतकऱ्याने महाग खत घालून पिकविलेला गहू २०२३ मध्ये उतरत्या भावाने विकला. यांत निसर्गाचा अपराध कोणता? भाव माणसांच्या करणीने चढतात व उतरतात; तेव्हा जाबही माणसांसच विचारला पाहिजे.