कॅबचालकाची ताशी कमाई: सरासरी काय सांगते आणि काय लपवते

मागच्या महिन्यात माझा मामेभाऊ घरी आला. हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे. चहा पिता पिता म्हणाला, "हप्त्यावर गाडी घेऊन अ‍ॅपवर लावायचा विचार करून राहिलो. तू पीएचडी करून राहिली ना, मग सांग बरं, परवडते का नाही?"

माझा विषय संख्याशास्त्र, गाड्या नव्हे. पण प्रश्न आकड्यांचाच होता, म्हणून म्हटलं, "दादा, आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत या विषयावरचे गाजलेले अभ्यास वाचले. त्यांत चांगलं काम आहे, पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांत नाही. का नाही, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात जोनाथन हॉल आणि अ‍ॅलन क्रुगर यांच्या निबंधापासून करू. हॉल तेव्हा उबरचे अर्थतज्ज्ञ होते. क्रुगर प्रिन्स्टनचे नावाजलेले प्राध्यापक, पण पहिला मसुदा लिहिताना तेही उबरचे सल्लागार होते. हे त्यांनी निबंधातच सांगितलं आहे. मसुदा २०१५ मध्ये आला, जर्नलमध्ये २०१८ मध्ये छापला गेला. कंपनीच्या थेट नोंदी वापरल्यामुळे डेटा भक्कम आहे. अमेरिकी शहरांत चालकाची कमाई ताशी १९ डॉलरच्या आसपास, असा त्यांचा निष्कर्ष.

पण या आकड्यातून पेट्रोल, टायर, विमा, गाडीची झीज काहीच वजा केलेलं नाही. लेखक तसं स्पष्ट लिहितात. अडचण अशी की बातम्यांमध्ये आकडा पोहोचतो आणि त्याची अट मागेच राहते. दुसरं म्हणजे, त्यातल्या बहुतेक चालकांकडे आधीपासून दुसरं काम होतं आणि अनेक जण आठवड्याला थोडेच तास गाडी चालवत. गाडी दारात उभीच आहे, फावल्या वेळात फिरवली, असा तो हिशोब. आपल्याकडे दादासारखा माणूस गाडीच या कामासाठी घेतो. 'पाहिजे तेव्हा काम करा' हे वाक्य दोघांनाही ऐकवलं जातं, पण हप्ता असलेल्या माणसाची 'पाहिजे तेव्हा' बँक ठरवते.

दुसरा अभ्यास अगदी उलट टोकाचा. २०१८ च्या फेब्रुवारीत एमआयटीच्या एका केंद्रातून स्टीफन झोफ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. हजाराहून जास्त चालकांचं सर्वेक्षण करून, खर्च वजा करून त्यांनी सांगितलं की, मधल्या चालकाला ताशी फक्त ३.३७ डॉलर उरतात. जगभर बातम्या झाल्या. मग हॉल यांनी चूक दाखवली. प्रश्नावलीत दोन प्रश्न होते: महिन्याला किती कमावता, आणि एकूण उत्पन्नापैकी किती हिस्सा गाडी चालवून येतो? बऱ्याच जणांनी पहिल्या प्रश्नाला फक्त गाडीची कमाई सांगितली असणार. झोफ यांनी तिलाच एकूण उत्पन्न समजून पुन्हा हिश्शाने गुणलं. म्हणजे कमाई दोनदा कापली गेली. झोफ यांनी आक्षेप मान्य करून हिशोब पुन्हा केला, तर आकडा पद्धतीनुसार ८.५५ किंवा १० डॉलर झाला.

एका प्रश्नाच्या अर्थावरून उत्तर अडीच-तीन पट! सर्वेक्षण करणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा भिंतीवर लावून ठेवावा. तरी झोफ यांचं श्रेय काढून घेऊ नका. गाडीची झीज हा चालकाच्या खिशातून जाणारा पैसा आहे, हे त्यांनी हिशोबात आणलं, आणि सुधारलेला आकडाही १९ च्या बराच खाली आहे.

आता भारतात येऊ. २०२४ मध्ये पैगाम ही संस्था आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठ यांचा अहवाल आला. आठ शहरांतल्या दहा हजारांहून जास्त अ‍ॅप-कामगारांशी बोलून तो केला आहे. खर्च वजा जाता दिवसाला ५०० रुपयांपेक्षा कमी उरतात असं ४३ टक्क्यांहून जास्त कॅबचालकांनी सांगितलं, आणि ८३ टक्के चालक दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम करतात. हे आपल्या जगाच्या जवळचं आहे. पण त्या आठ शहरांत इंदूर आहे, नागपूर नाही. आणि शहर बदललं की हिशोब बदलतो. २०२२ च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, कारण इथे गॅस टँकरने आणावा लागे. मुंबईत तेव्हा तो जवळपास निम्म्या दरात होता.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. हे सगळे अभ्यास 'साधारण किती' एवढंच सांगतात. चढ-उतार कोणाच्या अंगावर पडतो, हे सांगत नाहीत. एक मनातलं उदाहरण घ्या, आकडे माझे आहेत. चालक १२ तास अ‍ॅपवर, त्यातले ६ तास गाडीत सवारी. कंपनीचं कापून हातात १८०० रुपये. रिकामे धरून १८० किलोमीटर. किलोमीटरला ४ रुपये इंधन म्हणजे ७२०, आणि १ रुपया देखभाल म्हणजे १८०. हप्ता महिन्याला १३,०००, कामाचे दिवस २६, म्हणजे रोज ५००. उरले ४००.

आता ताशी कमाई किती? सवारीचे तास धरले तर ३००. सगळे तास धरले तर १५०. खर्च आणि हप्ता काढला तर ३३. तिन्ही आकडे खरे, दिवस एकच! (अर्थशास्त्राचे मित्र म्हणतील, हप्ता हा खर्च नव्हे, घसारा हा खर्च. बरोबर आहे. पण ५ तारखेला खात्यातून घसारा जात नाही, हप्ता जातो.)

पुढची पायरी नीट बघा. मे महिना आला, दुपारी रस्ते ओस, धंदा २५ टक्क्यांनी उतरला. हाती १३५० आले, गाडी १३५ किलोमीटर चालली. इंधन-देखभाल ६७५, हप्ता तोच ५००. उरले १७५. धंदा पाव भाग घसरला, पण घरी जाणारा पैसा निम्म्याहून जास्त घसरला. हिवाळी अधिवेशनात धंदा २५ टक्के चढला, तर हाच हिशोब ६२५ वर जातो. वर-खाली दोन्हीकडे झोका मोठा होतो, कारण मधे न हलणारा हप्ता आहे. सरासरी ४०० च राहील आणि अहवालात ४०० च छापलं जाईल. पण मुलीची फी भरायची वेळ नेमकी जूनमध्ये, मेच्या कमाईनंतर येते.

रिकामा वेळ नियमात आणायचा गंभीर प्रयत्न न्यूयॉर्कने केला. जेम्स पॅरट आणि मायकल राइक यांच्या २०१८ च्या अभ्यासावरून तिथे फेब्रुवारी २०१९ पासून किमान मोबदला लागू झाला: खर्च वजा जाता ताशी १७.२२ डॉलर. गाड्या जितक्या जास्त रिकाम्या फिरतील, तितका प्रत्येक फेरीचा दर वाढतो. पुढे कंपन्यांनी मागणी कमी असताना चालकांना अ‍ॅपवर येण्यापासूनच रोखायला सुरुवात केली. म्हणजे तोही उपाय पुरा नाही, पण निदान रोग ओळखला. आपल्याकडे केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा सांगितला. चांगलंच आहे. पण तो वाटा झालेल्या फेरीचा. वर्धा रोडवर सवारीची वाट पाहत गेलेल्या तासाचे ८० टक्के म्हणजे शून्यच.

दादाला मी 'परवडते' किंवा 'नाही परवडत' असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की आधी महिनाभर कोणाची तरी गाडी भाड्याने चालव आणि रोज चार गोष्टी वहीत लिही: अ‍ॅप कधी चालू केलं, कधी बंद केलं, मीटरवरचे किलोमीटर, आणि हातात आलेले पैसे. महिन्याची सरासरी मागाहून काढू. आधी सगळ्यात वाईट सात दिवस बाजूला काढू आणि बघू, त्या सात दिवसांत हप्ता निघाला असता का.

त्याने मित्राची गाडी घेतली आहे. काल रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवला, अकरा दिवस झालेत. त्यातले तीन दिवस असे आहेत की हप्ता असता तर घरातून पैसे घालावे लागले असते. एक दिवस मात्र इतका चांगला गेला की खाली त्याने लिहिलंय, "हे पाय, म्हटलं होतं ना!"

मी उत्तर दिलं, "दादा, अजून एकोणीस दिवस."