'अ मर्सी' : व्यापार, श्रम, धर्म आणि गुलामगिरीची घडण

प्रस्तावना

टोनी मॉरिसन (१९३१–२०१९) यांची 'अ मर्सी' ही नववी कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. 'बिलव्हेड' (१९८७) या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीत एकोणिसाव्या शतकातील, पूर्णपणे प्रस्थापित झालेली गुलामगिरी चित्रित झाली आहे. 'अ मर्सी' वाचकाला त्याहून सुमारे दोन शतके मागे, १६८२ ते १६९० या काळातील अमेरिकन वसाहतींत नेते. गुलामगिरी आणि वर्ण यांचे नाते अतूट होण्यापूर्वीचा काळ आपणास तपासावयाचा होता, अशी भूमिका मॉरिसन यांनी मांडली होती. ही भूमिका कादंबरीत कितपत सिद्ध होते, याचा विचार प्रस्तुत लेखात व्यापार, श्रम आणि धर्म या तीन अंगांनी केला आहे.

मराठी वाचकाला अमेरिकन गुलामगिरीचा विषय परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. दास्य हे निसर्गदत्त नसून घडविलेले असते, हे फुले यांच्या विचाराचे सूत्र या कादंबरीच्या वाचनातही उपयुक्त ठरते.

व्यापार : अंतराची सोय

कथानकाचा आरंभ एका कर्जवसुलीतून होतो. उत्तरेकडील शेतकरी-व्यापारी जेकब वार्क हा मेरीलँडमधील द'ओर्तेगा या पोर्तुगीज मळेवाल्याकडे येणे वसूल करण्यासाठी जातो. द'ओर्तेगा गुलामांच्या व्यापारात बुडालेला आहे. जहाजावर मेलेल्या गुलामांची प्रेते किनाऱ्यालगत फेकल्याबद्दल त्याला झालेला दंडही तंबाखूच्या वजनात मोजला गेला आहे. नाण्यांच्या टंचाईमुळे मेरीलँड-व्हर्जिनियात तंबाखू हेच चलन होते. ज्या पिकासाठी माणसे विकत घेतली जात, त्याच पिकात त्यांच्या प्रेतांचा दंड भरला जावा, या एका तपशिलातून लेखिका त्या समाजाची अर्थव्यवस्था उघड करते.

रोख रकमेऐवजी द'ओर्तेगा गुलाम देऊ करतो. माणसांचा व्यापार आपला नव्हे, असे जेकब मानतो. तरीही तो सुमारे आठ वर्षांच्या फ्लोरेन्सला घेऊन परततो. त्याच प्रवासात एका गुत्त्यात त्याला पीटर डाउन्स भेटतो आणि बार्बाडोस बेटावरील ऊस व रम यांच्या नफ्याचे गणित ऐकवतो. तेथील मजूर मरतात आणि नवे येतात, हेही जेकबला कळते. डोळ्यांसमोरचा गुलाम त्याला अस्वस्थ करतो, परंतु दूरच्या बेटावरील न दिसणारे श्रम त्याला निर्मळ वाटतात. याच पैशातून तो द'ओर्तेगाच्या वाड्याशी स्पर्धा करणारे घर बांधावयास घेतो.

ही आत्मवंचना एका व्यक्तीची नव्हे. १६७२ साली सनद मिळालेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भागधारक लंडनमध्ये बसून नफा घेत होते. त्यांनाही जहाजाचे तळघर पाहावे लागत नव्हते. कादंबरीच्या अखेरीस कळते की, फ्लोरेन्सची आई आफ्रिकेतून प्रथम बार्बाडोसलाच आणली गेली होती. आपण आता आपल्या देशाचे माणूस नसून केवळ काळी बाई आहोत, हे ती तेथे शिकली. जेकब ज्या बेटाला अंतरामुळे निर्दोष समजतो, त्याच बेटावर या मायलेकींच्या दुःखाचा उगम आहे. कादंबरीची ही रचना जेकबला क्षमा करीत नाही आणि त्याला खलपुरुषही ठरवीत नाही.

श्रम : मुदत आणि आजन्म

जेकबच्या घरातील बहुतेक माणसे कोणत्या ना कोणत्या व्यवहारातून आलेली आहेत. पत्नी रिबेकाला तिच्या पित्याने प्रवासखर्चाच्या मोबदल्यात इंग्लंडहून पाठविले आहे. देवीच्या साथीत जमात गमावलेली आदिवासी लीना विकत घेतलेली आहे. विलार्ड आणि स्कली हे गोरे करारबद्ध मजूर शेजारच्या मालकाकडून उसने येतात. विलार्डची सात वर्षांची मुदत शिक्षेपोटी वाढत गेली आहे. स्कलीला तर आईचा करार वारशाने मिळाला आहे.

येथे मॉरिसन यांच्या भूमिकेची खरी कसोटी लागते. आईकडून मुलाकडे बंधन जाणे हे स्कली आणि फ्लोरेन्स यांना समान दिसते. परंतु व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने अपत्याची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरविली होती आणि १६६४ साली मेरीलँडने आफ्रिकनांचे दास्य आजन्म केले होते. म्हणजे १६८२ चा काळ हा वर्णभेदापूर्वीचा निरागस काळ नव्हे. १६७६ मध्ये बेकनच्या बंडात गोरे मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले. त्या बंडाची सुरुवात आदिवासींवरील हल्ल्यांतून झाली होती, हेही विसरता येत नाही. त्यानंतरच्या काळात गोऱ्या आणि काळ्या श्रमिकांना विलग करणारे कायदे वाढत गेले. जेकब त्यांचा विचार करतो आणि त्यांची निंदाही करतो. पण त्या कायद्यांनी सुरक्षित केलेल्या व्यापारात पैसे गुंतवतो.

जेकबच्या मृत्यूनंतर हे घर कोसळते. विलार्ड आणि स्कली यांना रिबेकाकडून मजुरी मिळू लागते. फ्लोरेन्सला मात्र विक्रीस काढले जाते. १७०५ च्या व्हर्जिनिया कायद्याने मुदत संपलेल्या गोऱ्या सेवकास धान्य व अन्य देणी बंधनकारक केली आणि ख्रिस्ती गोऱ्या सेवकास न्यायाधीशाच्या आज्ञेविना उघड्या अंगावर फटके मारण्यास मनाई केली. गुलामांना यांतील काहीच लागू नव्हते. कायद्याने जे पुढे लिहून ठेवले, ते कादंबरी एका अंगणात घडताना दाखविते.

धर्म : आश्रय आणि कुंपण

फ्लोरेन्स आणि तिच्या आईला एक कॅथलिक पाद्री चोरून लिहावयास शिकवितो. हा अपवाद वगळता कादंबरीतील धर्म माणसे विभागतो. रिबेकाच्या मुलांना गावचे बाप्तिस्मावादी बाप्तिस्मा नाकारतात. एका वस्तीत लोक फ्लोरेन्सला सैतानाची हस्तक ठरवून तिचे शरीर तपासतात. आजारातून उठलेली रिबेका त्याच कठोर धर्माचा आश्रय घेते आणि एकेकाळची सखी लीना तिला केवळ दासी वाटू लागते. १६६७ साली व्हर्जिनियाने बाप्तिस्म्यामुळे गुलामाची स्थिती बदलत नाही, असे ठरविले होते. त्यामुळे आत्म्याच्या मुक्तीची भीती मालकाला उरली नाही.

तथापि येथे कादंबरीची एक मर्यादा जाणवते. १६८८ मध्ये, म्हणजे कथानकाच्या काळातच, पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चौघांनी धर्माच्याच आधारे गुलामगिरीचा लेखी निषेध केला होता. क्वेकर सभांनी तो निर्णयाविना बाजूला ठेवला, हे खरे. तरीही धर्मातून उठलेला तो आवाज होता. अशा विवेकाला कादंबरीत जवळजवळ स्थान नाही. निसर्गाशी एकरूप, एकनिष्ठ लीनाच्या चित्रणातही आदिवासी व्यक्तिरेखेच्या रूढ साच्याचा भास होतो.

समारोप

शीर्षकाचा अर्थ शेवटच्या प्रकरणात उलगडतो. त्या क्षणी आईने तान्ह्या भावाला ठेवून आपल्याला टाकले, ही जखम फ्लोरेन्स आयुष्यभर बाळगते. मालकाच्या वासनेपासून मुलीला वाचविण्यासाठीच आईने तिला नेण्याची विनवणी केली होती. जेकबच्या नजरेत तिला मुलगी ही वस्तू नसून मूल दिसली होती. हे दैवी आश्चर्य नव्हे, माणसाने केलेली दया आहे, असे आई मानते. मराठीत 'कृपा' हा शब्द प्रायः वरून खाली येणाऱ्या अनुग्रहासाठी योजला जातो. देवाची कृपा आणि धन्याची कृपा एकाच शब्दात मावते. म्हणून या शीर्षकाला 'कृपा' हा प्रतिशब्द अपुरा ठरतो. येथील दया मागणारी स्वतः गुलाम आहे, आणि ती दया देणाराही त्या मुलीला कर्जाच्या हिशेबातच नेतो.

मायलेकींचे शब्द एकमेकींपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. फ्लोरेन्स आपली कहाणी जेकबच्या ओसाड घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर कोरते. ज्या लोहारासाठी ती लिहिते, त्याला वाचता येत नाही. बार्बाडोसच्या पैशातून उभे राहिलेले घर अशा रीतीने एका गुलाम मुलीच्या साक्षीचे पान बनते. वर्णापूर्वीची गुलामगिरी दाखविण्याचा लेखिकेचा हेतू इतिहासाच्या कसोटीवर अंशतःच टिकतो. मात्र गुलामगिरी घडविणाऱ्यांत क्रूर माणसांइतकाच, स्वतःला सज्जन मानून दूरचा नफा स्वीकारणाऱ्यांचाही वाटा असतो, हे सत्य ही कादंबरी निर्विवादपणे सिद्ध करते.