‘देखावा’ आणि निसर्गचित्र : आबालाल रहिमान यांच्या चित्रकलेचा एक विचार

आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात चित्रांपेक्षा चरित्राचा भाग अधिक आढळतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षण, कोल्हापुरास परतणे, शाहू महाराजांचा आश्रय, कोटितीर्थाकाठचे एकांतातील वास्तव्य आणि १९२२ साली महाराज निवर्तल्यावर स्वतःचीच असंख्य चित्रे नष्ट केल्याची आख्यायिका, हा क्रम सर्वश्रुत आहे. त्यातून एका विरक्ताची मूर्ती उभी राहते. चित्रकार मात्र तिच्याआड दडतो.

ही अडचण अंशतः परिभाषेची आहे. निसर्गचित्रास मराठीत ‘देखावा’ हा शब्द दीर्घकाळ रूढ होता. ‘देख’ या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दात पाहणारा गृहीत आहे आणि तो बहुधा दुरून, क्वचित येऊन पाहणारा आहे. प्रवासी चित्रकारास हा शब्द शोभतो. ना. श्री. बेंद्रे (१९१०–१९९२) यांनी काश्मीरमध्ये वास्तव्य केले, पुढे अमेरिका व युरोप पाहिले. नवे स्थळ हीच त्यांच्या दृष्टीला मिळालेली चालना होती.

आबालाल यांच्या चित्रांत स्थळ फारसे बदलत नाही. बदलते ती वेळ. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर एवढेच त्यांचे जग. रंकाळ्यातील संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो व पाणी ओसरले की उघडा पडतो. हे एका भेटीत दिसणारे नव्हे. ते रहिवाशाचे ज्ञान होय. म्हणूनच त्यांच्या चित्रांत वास्तूच्या तपशिलापेक्षा तिच्यावरील प्रकाशाला आणि पाण्यातील प्रतिबिंबाला महत्त्व येते. या गुणामुळे त्यांची तुलना युरोपातील दृक्प्रत्ययवाद्यांशी केली जाते. परंतु साम्य म्हणजे ऋण नव्हे. एकच जलाशय वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला प्रकाश हाच विषय होऊन बसणे स्वाभाविक आहे.

उरलेल्या थोड्या चित्रांवरून असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु त्याला उत्तर आख्यायिकेत सापडणार नाही. उपलब्ध चित्रे स्थळ, ऋतू व प्रहर यांनुसार लावून एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तरच या मताची परीक्षा होईल. नष्ट झालेल्या चित्रांविषयी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली; राहिलेल्या चित्रांकडे पाहणे अद्याप बाकी आहे.