उंदरांवरील कर्करोग-संशोधन : प्रमाणीकरणाचा प्रश्न

डॉ. व. रा. खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांमधील स्तनकर्करोगाचा अभ्यास केला. ‘आयसीआरसी’ ही उंदरांची जात केंद्राच्याच नावाने ओळखली जाते. सलग २० पिढ्या भावंडांचेच प्रजनन केल्यास अशा जातीत जनुकीय साम्य येते व प्रयोगांची तुलना शक्य होते. या कार्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि, जात एक असली म्हणजे प्रयोग प्रमाणित झाला, असे मानणे चूक ठरेल. वय, लिंग, आहार, पेशी टोचण्याची जागा यांनुसार निष्कर्ष बदलतात. नेहमीच्या सुमारे २२ अंशांऐवजी ३० अंश तापमानात ठेवलेल्या उंदरांत गाठी सावकाश वाढल्याचे २०१३ मध्ये आढळले. २०१२ मध्ये बेगली व एलिस यांनी कर्करोगविषयक ५३ महत्त्वाच्या प्राथमिक अभ्यासांपैकी केवळ ६ पडताळणीत टिकल्याचे नोंदविले.

२०१० ची ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वे या सर्व बाबींची नोंद मागतात. अशी नोंद नसलेला शोधनिबंध अपूर्णच समजावा. कारण औषधाचा पुढील टप्पा रुग्णावर असतो व अपुऱ्या नोंदीची किंमत अखेर त्यालाच मोजावी लागते.